पाऊस नसताना गळणारा पत्रा

२०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस आमच्या गॅरेजमधल्या गाडीच्या टपावर रोज सकाळी पाण्याचे थेंब दिसू लागले, तेव्हा शेवटचा पाऊस पडून महिना उलटून गेला होता. छत गळते आहे हे डोळ्यांना दिसत होते. मात्र जे पाणी वरून पडलेलेच नाही ते छतातून खाली कसे येते, हे कळत नव्हते. उत्तर मिळायला दोन महिने लागले. ते मिळाले तेव्हा दोषाचा मोठा वाटा छताकडे नव्हता, तर जमिनीकडे आणि काही प्रमाणात माझ्याकडे होता, असे निघाले. पत्र्याचे छत असलेल्या अनेक घरांत हीच तक्रार ‘गळती’ या एकाच नावाखाली वर्षानुवर्षे चालत राहते, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवत आहे.

गॅरेजची रचना

आमचे घर नाशिकच्या मखमलाबाद बाजूला, द्राक्षबागांना लागून असलेल्या वस्तीत आहे. बंगला १९९८ चा. गॅरेज त्याच्या पश्चिम भिंतीला टेकून २०१४ साली बांधले. आकार १८ फूट लांब आणि ११ फूट रुंद. दक्षिणेला रस्त्याच्या बाजूने शटर आहे, उत्तर आणि पश्चिम या बाजूंना सहा इंची विटांच्या भिंती आहेत, तर पूर्वेला बंगल्याचीच भिंत आहे. छत एकपाखी असून बंगल्याच्या भिंतीपासून पश्चिमेच्या कुंपणाकडे ११ फुटांत एक फूट असा त्याला उतार आहे. लोखंडी चौकोनी पाइपांवर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा रबरी वॉशरच्या स्क्रूंनी बसवलेला आहे. प्रत्येक पत्रा वरपासून खालपर्यंत अखंड असल्यामुळे मध्ये आडवा जोड कुठेही नाही. जमिनीला मुरमावर चार इंच काँक्रीट, त्याखाली प्लास्टिक वगैरे काही नाही. उत्तरेच्या भिंतीत वरच्या बाजूला सिमेंटच्या दोन जाळ्या होत्या आणि पत्र्याच्या नागमोडी कडा व पश्चिमेची भिंत यांच्यामध्ये दीड-दोन इंचांच्या फटी होत्या. या जाळ्यांचा आणि फटींचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण पुढे सगळे प्रकरण त्यांच्यापाशी येऊन थांबणार आहे.

आधी काय घडले होते

२०२१ च्या पावसाळ्यात बंगल्याच्या भिंतीलगत, म्हणजे छताच्या वरच्या कडेला, आतून ओघळ दिसू लागले. ही गळती खरी होती आणि पावसाशी तिचा संबंध सरळ होता: पश्चिमेकडून वाऱ्यासह सर आली की अर्ध्या तासात भिंत ओली होई. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यावरच्या पट्टीला सिलिकॉन भरून दिले. पुढच्या वर्षीच्या जून-जुलैमध्ये फरक जाणवला, पण ऑगस्टमध्ये ओघळ परत आले.

तेव्हा, सप्टेंबर २०२२ मध्ये, मी ठरवले की आता सगळेच एकदा बंद करून टाकायचे. सर्व स्क्रूंच्या डोक्यांवर सिलिकॉन लावून घेतले, पश्चिमेच्या फटी फोम आणि सिमेंटने बुजवल्या, उत्तरेच्या जाळ्यांवर आतून अॅक्रिलिकचे तुकडे बसवले आणि शटरच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावली. उंदीर, धूळ आणि वाऱ्याबरोबर आत येणारे पावसाचे तुषार या तिन्हींचा एकाच खर्चात बंदोबस्त झाला, याचे मला त्या वेळी समाधान वाटले होते. दोनच महिन्यांनी छत भर थंडीत टपकू लागले. तरीही या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असेल असे माझ्या मनात आले नाही. उलट बंदिस्तीत कुठेतरी कसर राहिली असणार असे समजून मी डिसेंबरच्या सुरुवातीला पत्र्यावर वरून पांढऱ्या जलरोधक रंगाचे दोन हात मारून घेतले. त्याने काहीच फरक पडला नाही. पांढरा रंग दिवसाचे ऊन परतवतो, परंतु रात्री तोही इतर रंगांइतकीच उष्णता आकाशाकडे सोडत राहतो, हे मला नंतर कळले.

ढगाळ दिवसांनी दिलेला धागा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बंगालच्या उपसागरातील मंदौस चक्रीवादळ किनाऱ्याला धडकून गेल्यानंतर, आमच्याकडेही आभाळ भरून आले. आता छत गळायचे ते गळेल म्हणून मी गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली. प्रत्यक्षात त्या तीन-चार सकाळी ताडपत्रीवर एकही थेंब पडला नाही. आभाळ मोकळे झाले आणि दुसऱ्याच दिवशी टपकणे पुन्हा सुरू झाले. पावसाची शक्यता असताना कोरडे राहणारे आणि निरभ्र रात्री गळणारे छत हे गळतीच्या कोणत्याही हिशेबात बसत नव्हते.

शेजारच्या बागाईतदाराशी त्या संध्याकाळी फाटकापाशी बोलणे झाले. त्यांचा जीव द्राक्षांत अडकलेला, त्यामुळे त्यांचे लक्ष आमच्यापेक्षा आभाळाकडे अधिक. ते म्हणाले, “सर, आभाळ मोकळं आहे अन् वारं पडलंय, आज दव पडणार बघा.” मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवण्यात तीस वर्षे घालवली, दवबिंदूचा धडा कित्येकदा घेतला, परंतु आमच्या गॅरेजमध्ये जे पडत होते ते दवच आहे हे माझ्या लक्षात आले ते त्यांच्या या वाक्यामुळे. नंतर ही गोष्ट कारागिराला सांगितली तेव्हा त्याला मुळीच आश्चर्य वाटले नाही. “पत्र्याला घाम फुटतो, सर, थंडीत. बंद शेडमध्ये जास्त,” एवढेच तो म्हणाला. हे ज्ञान त्याच्यापाशी होतेच. मी त्याला ‘गळती थांबव’ असे सांगून बोलावले होते, म्हणून त्याने गळतीचे काम करून दिले.

निरभ्र, निवांत रात्री उघड्यावरचा कोणताही पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करतो आणि ढग नसल्यामुळे तिच्यातली फारच थोडी परत येते. पातळ पत्र्याजवळ उष्णतेचा साठा नगण्य असतो, म्हणून तो लवकर थंड होतो आणि पहाटेपर्यंत भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी, कधी त्याहून अधिक, खाली जातो. त्याला लागून असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, पत्र्याच्या तापमानापेक्षा जास्त असला की पत्र्यावर पाणी जमते. ढग असले तर ते उष्णता परत पाठवतात; वारा असला तर तो पत्र्याला हवेच्या तापमानाजवळ आणून ठेवतो. दोन्ही वेळा पत्रा कोरडा राहतो.

१६ डिसेंबर ते ४ जानेवारी अशा वीस दिवसांची मी सकाळी सहाची नोंद ठेवली. बारा सकाळी छत टपकत होते आणि त्या बाराही रात्री निरभ्र व वाराहीन होत्या. कोरड्या आठ सकाळींपैकी पाच ढगाळ होत्या आणि दोन रात्री चांगला वारा होता. उरलेली एक सकाळ मात्र या नियमात बसत नव्हती: रात्र निरभ्र, वारा नाही, आणि तरी पत्रा जवळजवळ कोरडा. घरात विचारल्यावर कळले की आदल्या रात्री पाहुणे उशिरा गेले आणि शटर अर्धे उघडेच राहिले होते.

दव पडते, पण आमच्याच छतातून का?

या टप्प्यावर अनेक जण थांबतात. पत्रा आहे, थंडी आहे, घाम येणारच, असे म्हणून एक तर सोडून देतात किंवा पत्र्याखाली काहीतरी चिकटवून घेतात. मला थांबता आले नाही, याचे कारण बागाईतदाराची शेड. त्यांच्या ट्रॅक्टरच्या शेडवर आमच्यासारखाच पत्रा आहे, तेवढ्याच उंचीवर, तसाच उतार. तिला तीन बाजूंनी भिंती नाहीत एवढाच फरक. ज्या सकाळी आमचे छत टपकत होते त्या सकाळी त्यांच्या पत्र्याला खालून हात लावला तर जेमतेम ओलसर लागे, थेंब मात्र नसे. आकाश दोघांचे एकच होते. तेव्हा फरक आतल्या हवेत असला पाहिजे.

तो मोजण्यासाठी दोन साधी उपकरणे आणली. पहिले आर्द्रतामापक. स्वस्तातले आर्द्रतामापक चार-पाच टक्क्यांनी चुकणे नवलाचे नसते, म्हणून त्याची आधी परीक्षा घेतली: वाटीत साध्या मिठाचा, थोडे मीठ न विरघळलेले राहील इतका घट्ट लगदा करून ती वाटी आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले. अशा डब्यातील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असते. आमचा मापक ७९ दाखवत होता, म्हणून पुढच्या प्रत्येक नोंदीतून चार वजा केले. दुसरे उपकरण म्हणजे लांबून तापमान मोजणारी अवरक्त बंदूक. ती चकचकीत धातूवर फसवते, कारण तिला धातूचे स्वतःचे तापमान न दिसता त्यात प्रतिबिंबित झालेली उष्णता दिसते. म्हणून पत्र्याच्या खालच्या आणि वरच्या बाजूला विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी चिकटवली आणि नेम त्या पट्टीवर धरला.

८ जानेवारीच्या पहाटे साडेपाचच्या नोंदी अशा होत्या. बाहेरची हवा ११.८ अंश सेल्सिअस, आर्द्रता ८० टक्के. यावरून बाहेरचा दवबिंदू साधारण ८.५ अंश येतो. गॅरेजमधील हवा १४.५ अंश, आर्द्रता ९२ टक्के. आतला दवबिंदू साधारण १३.२ अंश. पत्र्याचे तापमान ९.६ अंश. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दृष्टीने पत्रा दवबिंदूच्या वर होता आणि आतल्या हवेच्या दृष्टीने साडेतीन अंश खाली. शिडी लावून वर पाहिले तर पत्रा वरून कोरडा होता आणि खालून त्यावर थेंब दाटलेले होते. हे एक निरीक्षण सगळ्या चर्चेचा निकाल लावणारे होते. वरून कोरडा असलेला पत्रा खालून गळतो, तेव्हा ते पाणी त्याच्यातून आलेले नसते.

ग्रॅमच्या हिशेबात सांगायचे तर बाहेरच्या हवेत दर घनमीटरला सुमारे ८.४ ग्रॅम बाष्प होते आणि आतल्या हवेत सुमारे ११.४ ग्रॅम. गॅरेजमध्ये साधारण ५० घनमीटर हवा मावते, म्हणून एका वेळी जास्तीचे बाष्प भरले जेमतेम दीडशे ग्रॅम. पण पत्र्याच्या एक चौरस फूट भागावरचे पाणी कोरड्या कापडाने टिपून कापडाचे वजन केले तेव्हा १२ ग्रॅम वाढ आढळली. दोनशे चौरस फुटांना हे पाणी दोन लिटरहून अधिक होते. दीडशे ग्रॅमच्या शिलकीतून दोन लिटर निघू शकत नाहीत. याचा अर्थ रात्रभर कुठून तरी नवे बाष्प हवेत येत होते आणि पत्र्यावर जाऊन पाणी होत होते. गॅरेजमध्ये कपडे वाळत नव्हते, गाडी आत धुतली जात नव्हती, पाण्याची टाकीही नव्हती. उरली जमीन.

जमिनीची तपासणी

काँक्रीटवर वरून कुठेही पाणी दिसत नव्हते. गाडी बाहेर काढून नीट पाहिल्यावर मागच्या अर्ध्या भागातला रंग थोडा काळपट वाटला, आणि उत्तरेच्या भिंतीच्या पायथ्याशी गिलाव्याला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा क्षार, लागून त्याची भुकटी होत होती. हे क्षाराचे डाग मी पावसाळ्याच्या खात्यावर टाकून दिले होते.

प्लास्टिकचे दोन फुटी चौकोनी तुकडे तीन ठिकाणी ठेवून त्यांच्या चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बंद केल्या आणि चोवीस तास तसेच राहू दिले. या परीक्षेत पाहायचे असते ते पाणी प्लास्टिकच्या कोणत्या बाजूला जमते: वरच्या बाजूला जमले तर ते हवेतले, खालच्या बाजूला जमले तर जमिनीतून येणारे. शटरजवळचा तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला. मधल्या तुकड्याखाली काँक्रीट काळे पडले होते आणि प्लास्टिकला आतून बारीक थेंब होते. उत्तरेच्या भिंतीजवळच्या तुकड्याखाली तर पाण्याचा ओघळ तयार झाला होता. त्याच पहाटे जमिनीचे तापमान १९ अंश भरले. थंडीत जमीन हवेपेक्षा उबदार असते. ती ओली असली की चुलीवर मंद आचेवर ठेवलेल्या पातेल्यासारखी रात्रभर बाष्प सोडते, आणि वरचा गार पत्रा झाकणाचे काम करतो.

मात्र जानेवारीत जमीन ओली राहण्याचे कारण काय? पावसाचे पाणी मुरले म्हणावे तर शटरजवळची जमीनही ओली हवी होती. बंगल्याचा जुना नकाशा काढल्यावर उलगडा झाला. मागच्या अंगणातल्या धुण्याच्या मोरीचे सांडपाणी पुढच्या फाटकाजवळच्या चेंबरकडे नेणारा पाइप गॅरेजच्या जमिनीखालून जातो. १९९८ साली तिथे मोकळे अंगण होते, म्हणून तो नऊ-दहा इंच खोलीवर टाकलेला; सोळा वर्षांनी त्याच्यावर गाडीची चाके येणार याची कल्पना तेव्हा कोणाला असणार! गॅरेज बांधतानाही त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि त्या ‘कोणी’त मी स्वतः येतो.

पाइप फुटला आहे का हे जमीन न फोडता तपासता येते. पुढच्या चेंबरमधले पाइपाचे तोंड प्लास्टिकच्या पिशवीत चिंध्या भरून केलेल्या बोळ्याने गच्च बंद केले, मागच्या मोरीच्या चेंबरमध्ये पाणी भरले आणि काठाला खडूची खूण केली. पाइप सुस्थितीत असता तर पातळी जवळजवळ स्थिर राहायला हवी होती. ती पहिल्या तासात चार इंच उतरली. घरात वॉशिंग मशीन दिवसाआड चालते; प्रत्येक वेळी त्यातले काही पाणी गॅरेजच्या मुरमात जात होते. ते किती वर्षे जात होते हे सांगता येणार नाही. जाळ्या आणि फटी उघड्या होत्या तोवर त्या ओलीचे बाष्प गुपचूप बाहेर निघून जात होते. सप्टेंबरमध्ये मी ती वाट बंद केली.

पावसाळी गळतीचा वेगळा तपास

थंडीतले पाणी दव ठरले म्हणून पावसातले पाणीही दवच असे होत नाही. २०२१ चे ओघळ खरे होते आणि त्यांचे कारण अजून सापडायचे होते. फेब्रुवारीत एका उन्हाच्या दुपारी, पत्रा आतून पूर्ण कोरडा असताना, नळीने पाणी मारून पाहिले. ही परीक्षा नेहमी खालून वर करावी लागते; वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जागांवरून वाहते आणि कोणत्या जागेने ते आत घेतले हे कळत नाही. पत्र्याचा खालचा तिसरा हिस्सा, मग मधला, मग वरचा, प्रत्येकावर पंधरा मिनिटे पाणी सोडले. आत एक थेंबही आला नाही. म्हणजे ज्या स्क्रूंवर मी हजारो रुपयांचे सिलिकॉन लावून घेतले होते ते मुळात निर्दोष होते. त्यानंतर नळी बंगल्याच्या भिंतीवर, सांध्याच्या तीन फूट वर धरली, आणि सात-आठ मिनिटांत आत ओघळ सुरू झाला.

सांध्यावरची पत्र्याची पट्टी भिंतीच्या गिलाव्यावर नुसती टेकवून खिळली होती आणि तिच्या वरच्या कडेला सिलिकॉनची रेघ ओढली होती. पश्चिमेचा पाऊस बंगल्याच्या दुमजली भिंतीवर आपटून त्या संपूर्ण भिंतीचे पाणी या एका रेघेवर येत होते. ऊन-पावसात पत्रा आणि भिंत वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात, त्यामुळे ती रेघ एका हंगामातच गिलाव्यापासून सुटली होती. आणखी एक गोष्ट दिसली: पट्टीच्या कडेला आणि काही स्क्रूंभोवती पत्र्याचा लेप उडून गंज धरला होता. हवेत सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन आम्लधर्मी असते आणि जस्ताचा लेप खाते; पत्र्यासाठी तसा वास नसलेले, उदासीन प्रकारचे सिलिकॉन घ्यावे लागते. दोन्हींच्या नळ्या दुकानात शेजारी शेजारी असतात आणि किमतीत फरक असल्यामुळे कोणती उचलली जाते हे सांगायला नको.

दुरुस्ती

कामाचा क्रम आधी पाइप, मग हवा, मग भिंतीचा सांधा असा ठेवला.

जुना भाजक्या मातीचा पाइप मागच्या चाकांच्या रेषेत दोन सांध्यांवर तडकलेला निघाला. १८ फुटांना साडेतीन इंच, म्हणजे साधारण १:६० चा उतार देऊन ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकला, त्याच्या सर्व बाजूंनी काँक्रीट भरले, आणि चर बुजवताना काँक्रीटखाली जाड प्लास्टिक अंथरले. बाकीची जमीन फोडली नाही. गवंड्याचा आग्रह सगळी जमीन नव्याने करण्याचा होता आणि खाली अखंड प्लास्टिक असणे केव्हाही चांगलेच; परंतु पाण्याचा उगम बंद झाल्यावर जमीन आपोआप वाळते की नाही हे मला आधी पाहायचे होते.

हवेसाठी जाळ्यांवरचे अॅक्रिलिक काढले, पश्चिमेच्या फटींतला फोम खरवडून तिथे बारीक गंजरोधक जाळी ठोकली आणि शटरच्या खालची रबरी पट्टी काढून टाकली. उंदरांचा प्रश्न जाळीनेच सुटतो, त्यासाठी वारा अडवण्याची गरज नव्हती. किती वायुवीजन पुरेसे यासाठी छताखालच्या पोकळ्यांना लावला जाणारा, क्षेत्रफळाच्या दीडशेव्या हिश्श्याचा ठोकताळा वापरला. तो गॅरेजसाठी ठरवलेला नाही, पण दुसरा हाताशी नव्हता. त्यानुसार सव्वा चौरस फुटांहून थोडी जास्त मोकळी जागा हवी होती. जाळीच्या तारा अडवतात तेवढी जागा वजा करूनही आमच्याकडे तिच्या दुप्पट भरली, आणि तिच्यातला काही भाग शटरखाली जमिनीलगत व काही उत्तरेच्या भिंतीत वर असल्यामुळे हवा आरपार वाहू लागली.

सांध्यासाठी भिंतीत पत्र्यापासून सहा इंच उंचीवर इंचभर खोल आडवी खाच कापली, नव्या पट्टीची वरची कड वळवून त्या खाचेत घुसवली आणि खाच मसाल्याने भरली. आता भिंतीवरून येणारे पाणी पट्टीच्या मागे न जाता तिच्यावरून पत्र्यावर येते, आणि सिलिकॉन सुटले तरी काही बिघडत नाही, कारण पाणी अडवण्याचे काम सिलिकॉनकडे राहिलेलेच नाही. पत्र्याच्या खालच्या कडेला पन्हळ नव्हते, तेही याच वेळी बसवले.

पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावावा असा सल्ला अनेकांनी दिला. तो चुकीचा नाही, पण त्यात एक मेख आहे. थर्मोकोलचे तुकडे पत्र्याखाली सैल बसवले तर दमट हवा फटींतून त्यांच्या मागे जाते आणि दव पूर्वीसारखेच पडते. फक्त ते दिसेनासे होते आणि पत्रा आतून नकळत गंजू लागतो. थर लावायचाच असेल तर तो पत्र्याला सलग चिकटलेला किंवा सर्व सांधे बंद केलेला हवा. बाष्पाचा उगम चालू ठेवून असा थर लावणे मला पटले नाही, आणि उगम बंद झाल्यावर त्याची गरज पडते का हे पाहण्यासाठी एक हिवाळा थांबायचे ठरवले.

परिणाम

मार्चमध्ये प्लास्टिकची परीक्षा पुन्हा केली तेव्हा उत्तरेच्या भिंतीजवळ अजून ओल होती. मेअखेरीस तिन्ही तुकडे कोरडे निघाले. २०२३ चा पावसाळा सांध्याच्या परीक्षेसाठी पुरेसा कडक नव्हता, त्यामुळे त्यातून फारसा निष्कर्ष काढता आला नाही. खरी परीक्षा २६ नोव्हेंबरला झाली. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि निफाडकडे गारपीट होऊन द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले. आमच्याकडे वाऱ्यासह जोराच्या सरी आल्या. बंगल्याची भिंत पूर्ण भिजली, आत सांधा कोरडा राहिला. शेजारच्या बागेची अवस्था पाहता त्या संध्याकाळी हा आनंद कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

त्या डिसेंबर-जानेवारीत ६२ सकाळींची नोंद ठेवली. अकरा सकाळी पत्रा खालून ओलसर लागला. गाडीवर थेंब पडले ते दोनच दिवस, आणि त्या दोन्ही दिवशी बाहेर दाट धुके होते, म्हणजे बाहेरचीच हवा बाष्पाने पूर्ण भरलेली, संपृक्त होती. तशा सकाळी बागाईतदारांची उघडी शेडही टपकत होती. एका निरभ्र पहाटेच्या नोंदी मागच्या वर्षीच्या नोंदींशेजारी ठेवण्यासारख्या आहेत: बाहेर १२ अंश आणि ८२ टक्के, आत १२.६ अंश आणि ८१ टक्के, आतला दवबिंदू साधारण ९.४ अंश, पत्रा ९.८ अंश. पत्रा मागच्या वर्षीइतकाच गार झाला होता. आतल्या हवेत मात्र आता बाहेरच्यापेक्षा फारसे जास्त बाष्प उरले नव्हते. दवबिंदू आणि पत्रा यांच्यातले अंतर ०.४ अंश एवढेच आहे, म्हणून धुक्याच्या सकाळी थेंब पडतील हे मी धरून चाललो आहे.

उष्णतारोधक थर लावलेला नाही. गंज धरलेल्या स्क्रूंपैकी सात बदलले आणि बाकीच्यांभोवतीचे जुने सिलिकॉन खरवडून जस्ताचा लेप दिला. आर्द्रतामापक अजून उत्तरेच्या भिंतीवर टांगलेला आहे. आत आणि बाहेर यांच्यातला फरक पुन्हा वाढू लागला, तर पहिली तपासणी पत्र्याची न करता मोरीच्या चेंबरमधल्या खडूच्या खुणेची करायची, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.